जुन्या बंदरावरचा दोर

लहानूची एक सवय मला सुरुवातीला फार जाचायची. नदीवरून मासळी विकून आला, की तो ओसरीवर अगदी दारासमोर आडवा झोपायचा. मी त्याच्याच घरातली मागची खोली भाड्याने घेतली होती आणि माझी वाट नेमकी त्या दारातून. मी आलो की डोळे न उघडता तो पाय आखडून घ्यायचा, मी गेलो की पुन्हा पसरायचा. "जागा आहेस का रे?" असं विचारलं तर म्हणायचा, "नाई भाऊ, झोपून राह्यलो." पुढे पुढे मला त्या पायांची सवय झाली. माणूस मला आवडायलाही लागला.

सिरोंच्यात माझं काम एवढंच: प्राणहितेची पातळी आणि धारेचा वेग मोजायचा. मी मूळचा वरोऱ्याचा. माझ्या वडिलांनी, वामनरावांनी, छप्पन साली घरातले देव नदीत सोडले. देवांबरोबर भुतंही वाहून गेली, असा आमच्या घरचा समज. तो मला अजूनही पटतो, निदान दिवसाउजेडी तरी.

गावाखालच्या जुन्या घाटाला लोक बंदर म्हणतात. गोऱ्या साहेबांच्या काळात सागवानाचे तराफे इथूनच समुद्राकडे सुटायचे म्हणे, आणि त्यांवर गेलेले सगळेच काही परत आले नाहीत. त्या बंदरापैकी आता एक काळा दगड तेवढा उरला होता. पुरुषभर उंचीचा आणि दोर घासून घासून कमरेत बारीक झालेला. त्याला वाटपाह्या गोटा म्हणत. घाटावर नावांची ही दाटी, पण गोट्यासमोरची एका नावेपुरती जागा कायम रिकामी. का, म्हणून मी मुखरू नावाड्याला विचारलं. साठी उलटलेला, कमी बोलणारा माणूस.

"ते जागा घेतलेली हाय," तो म्हणाला. कोणी घेतली, ते त्याने सांगितलं नाही.

शहाऐंशीच्या ऑगस्टात महापूर आला. बांधलेली नाव वाचवायला लहानू पाण्यात उतरला. नाव चार दिवसांनी एका बाभळीत अडकलेली मिळाली. लहानू मिळाला नाही.

पाणी ओसरल्यावर त्याची बायको गुणाबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"भाऊ, एखादा दोर देता काजी मले?"

माझ्याकडे मोजणीतून बाद झालेला दोर होता. दहा मीटरचा, आणि दर मीटरला मीच रंगवलेला लाल पट्टा. तो मी दिला. कशाला हवा, ते घाटावर मुखरूकडून कळलं. नदीने ज्याचं प्रेत परत दिलं नाही, त्याच्या नावाने गोट्याला दोर बांधायचा आणि दुसरं टोक पाण्यात मोकळं सोडायचं. माणूस काठाला लागला की दोर ताठ होतो. मग गाठ सोडायची, 'जा' म्हणायचं आणि दोर नदीला देऊन टाकायचा.

"ओढाचा मात्र नाई, पोरी," मुखरू गुणाबाईला म्हणाला. जरा वेळाने पुन्हा तेच म्हणाला.

ती पाण्याकडे बघत होती. "त्याहिले मी जा कशी म्हणू, मुखरूभाऊ?"

मोकळा दोर धारेबरोबर खालच्या अंगाला पसरणार आणि कधीतरी एखाद्या ओंडक्यात अडकून ताणला जाणार, हे मला ठाऊक होतं. ती रोज सकाळी यायची, दोराला हात लावून बघायची, तो सैल लागायचा आणि ती घरी जायची. तिचं ते उतरलेलं तोंड मला बघवेना. एखादा ओंडका लवकर लागो आणि ही बाई एकदाची मोकळी होवो, असं मला मनापासून वाटायला लागलं.

डिसेंबरातल्या एका सकाळी धुकं एवढं होतं की मोजपट्टीवरचे आकडे वाचता येईनात. नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. मी गोट्यापाशी आलो तेव्हा गुणाबाई आणि मुखरू आधीच तिथे उभे होते.

दोर ताठ होता.

आणि तो वरच्या अंगाला गेला होता. धारेच्या उलट.

मी एक काटकी पाण्यात टाकली. ती मुकाट खाली वाहत गेली. दुसरी टाकली. तीही गेली.

मुखरूने डोक्याचं मुंडासं काढलं. "सोड पोरी. जा म्हण."

गुणाबाईने गाठ सोडली. मला हायसं वाटलं. पण दोर तिने हातातून जाऊ दिला नाही. मनगटाला वेढा घेतला आणि जेवायला हाक मारावी तशी पाण्याकडे बघून म्हणाली,

"चला घरी. भात निवून राह्यला."

दोर खांद्यावर घेऊन ती चढाला लागली. पाण्यातून दोर येत राहिला. लाल पट्टे माझ्यासमोरून सरकत गेले. दहावा गेला. त्याच्यामागून अकरावा आला.

मोजणं माझं पोटापाण्याचं काम. मी मोजणं सोडलं. प्रत्येक पट्टा माझ्याच हातचा होता.

ती गल्लीत शिरली. कोणीतरी शेळी आत ओढून घेतली, दार लावलं. दोराचं टोक काही पाण्याबाहेर आलं नाही.

"मी सांगतलं होतं," मुखरू म्हणाला आणि आपली नाव गोट्यापासून आणखी लांब नेऊन बांधू लागला.

दुपारी मी घरी आलो. धुकं उठलंच नव्हतं. दोर गल्लीतून येऊन ओसरीच्या एका टोकाने शिरला होता, आणि दारासमोरून आडवा जाऊन पलीकडच्या खांबाला बांधलेला होता. गुडघ्याएवढ्या उंचीवर. गुणाबाई तांदूळ निवडत बसली होती. बऱ्याच महिन्यांनी तिने केसांना तेल लावलं होतं.

"हळू या, भाऊ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आत्ताच डोळा लागला."

दोर किंचित ताणत होता, किंचित सैलावत होता. संथ, एका लयीत.

"गुणाबाई, सोडा तो."

ती हसली. नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा सुपाकडे वळली.

माझी खोली आत होती. मी पाय उचलला.

दोर हळूच खाली गेला आणि जमिनीला टेकला. मी आत गेल्यावर तो पुन्हा वर आला.