माउंटखाली झाकलेली जागा

"बिनचेहऱ्याच्या माणसांना फ्रेम करून मिळेल का?" दारातून कुणीतरी विचारलं, आणि फ्रेमवाली चक्क हसली. कितीतरी दिवसांनी! मावशी लेकीकडे कायमची राहायला गेल्यापासून दुकान तिचं, वरची खोली तिची, आणि दोन्हीकडची शांतताही तिचीच. दिवसभर तोंडातून निघायची ती नुसती लांबी-रुंदी.

तो चित्रकार होता. लाकडावर कोरून छापलेली त्याची छापचित्रं भलतीच साधी. चार रेघा, दोन रंग. बससाठी ताटकळलेला माणूस, कपड्यांच्या घड्या घालणारी बाई... चेहरा मात्र एकालाही नाही. मग तो सारखाच यायला लागला. कधी काच बदलायला, कधी नुसता खिळा मागायला.

"खिळे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात."

"तिथला माणूस हसत नाही हो."

तो गेला की दुकान आणखीच मोठं वाटायचं. मग तिला स्वतःचाच राग यायचा.

एकदा प्रदर्शनासाठी म्हणून त्याने एक चित्र टेबलावर ठेवलं आणि नजर चुकवून सटकला. खिडकी, स्टूल, एकटीच डबा खाणारी पाठमोरी बाई, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. तिचा हात नकळत केसांकडे गेला. पेन्सिल होती! आणि त्या बाईच्या शेजारी अर्धा कागद कोराच. एवढी एकटी दिसते मी? तिला भडभडून आलं. तिने चित्राभोवती बसवायचा पुठ्ठ्याचा माउंट असा कापला, की ती कोरी जागा पार झाकून गेली. मागून खिळे ठोकले आणि मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी तो आला आणि फ्रेम उचलून उजेडात धरली.

"काय? बिघडलं?"

"ती जागा... कुठे गेली?"

"झाकली. बघवत नव्हती." तिचा आवाज चढला. "न विचारता काढलंत ते काढलंत, वर माझं एकटेपण भिंतीवर टांगणार?"

"अहो, ती जागा—" तो कानापर्यंत लाल झाला. "तिथे मी होतो. दोनदा कोरलं स्वतःला, दोनदा टाकून दिलं. हिंमतच होईना. तुम्हाला न विचारता तुमच्या शेजारी बसायचं तरी कसं?"

"चित्र काढताना नाही सुचलं ते?"

"चुकलंच. पण तुम्ही आवडता मला... फार."

फ्रेम पालथी करून तिने एकेक खिळा उपसला, माउंट बाजूला काढला. कोरा कागद पुन्हा उघडा पडला. या वेळी तो तिला तितकासा बोचला नाही.

"मग कोरू पुन्हा? स्वतःला?" त्याने भीत भीत विचारलं.

"नको." तिचे डोळे भरून आले होते, पण तिने ते लपवले नाहीत. "कागदावरच्या माणसाला घेऊन मी काय करू? तुम्हीच बसा ना इथे."

त्याने कोपऱ्यातला एक खोका ओढला आणि तिच्या शेजारी बसला.