रविवारच्या डावातला पाचवा

वाचणाऱ्यांपैकी निम्मे हसतील आणि उरलेले म्हणतील, रचून सांगतोय. म्हणोत बापडे. ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा मामेभाऊ आहे, आणि त्याची बायको माझ्याशी खोटं बोलणारी नाही. रात्र नव्हती की अमावस्या नव्हती. रविवारची दुपार होती. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खिडकीतून लख्ख ऊन, आणि खालच्या घरात कोणीतरी भिंतीला ड्रिल मारत होतं.

मामेभावाला सगळे तात्या म्हणतात. वय पस्तिशीचं, पण बोलणं पहिल्यापासून म्हाताऱ्यासारखं. धंदा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, हा कवळी करून देतो. आठवडाभर लोकांचे दात घासायचे आणि रविवारी तीन जुन्या मित्रांबरोबर ऑनलाइन गेम खेळायचा, एवढीच त्याची चैन. चौघं चार गावांत पांगलेले. हेडफोन लावून एकमेकांना शिव्या घालायच्या, गोळ्या घालायच्या, की आठवडा सत्कारणी लागला.

वहिनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. तिला हे प्रकरण मुळीच पसंत नव्हतं.

"सहा वार कवळ्यांचे, सातवा मित्रांचा. माझा वार कुठला रे?"

तात्या उत्तरादाखल हेडफोन चढवायचा.

अशातच गेम अडकायला लागला. ऐन मोक्याला पडदा गोठायचा... आणि हलायचा तेव्हा तात्या मरून पडलेला असायचा.

त्याने सगळे उपाय केले. राउटर बंद करून चालू केला. कपाटामागून काढून टेबलावर आणला. वायफाय नको म्हणून जाड केबल आणून थेट कॉम्प्युटरला जोडली. नेट कंपनीचा माणूस आला, मोबाइलवर बोट फिरवलं, "आमच्या बाजूने सगळं ओके आहे," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

अडकणं चालूच.

एक गोष्ट तात्याच्या लक्षात आली. सोमवार ते शनिवार नेट पळायचं. फक्त रविवारी, फक्त डाव रंगात आला की अडकायचं.

मग त्याची नजर स्वयंपाकघराकडे वळली.

कुठेतरी पाणी मुरतंय, त्याने ठरवूनच टाकलं. बायको मुद्दाम काहीतरी लावून ठेवते आणि आपलं नेट खाते. त्याने गुपचूप वायफायचा पासवर्ड बदलला. तिला सांगितला नाही. तिला कळायला अर्धा दिवस पुरला.

"माझ्याच घरात मला कुलूप?" एवढंच म्हणाली. नंतर चार दिवस घरात फक्त कुकर बोलत होता.

तरी पुढच्या रविवारी गेम अडकला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. या गेममध्ये प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक आकडा दिसतो. त्याला पिंग म्हणतात. आपण हाक मारली की समोरच्याची ओ यायला लागणारा वेळ. माणूस लांब, तर आकडा मोठा. चौघांचा डाव तात्याच्या कॉम्प्युटरवर मांडलेला असायचा, बाकीचे तिघं नेटवरून तिथे यायचे. त्यामुळे तात्यापुढे शून्य, आणि त्यांच्यापुढे चाळीस, पन्नास, साठ.

त्या दुपारी डावात पाच जण होते.

पाचव्याच्या नावाची जागा कोरी. तो मैदानाच्या कडेला भिंतीजवळ उभा. गोळी झाडत नव्हता. हलतही नव्हता. नुसता तात्याच्या दिशेने तोंड करून...

"हा कोणी आणलाय?" तात्याने विचारलं.

तिघांनीही कानावर हात ठेवले. त्यांच्यातला एक प्लंबर आहे, गळती शोधण्यात आयुष्य गेलेलं. त्यानेच नेमकं हेरलं.

"तात्या... त्याचा आकडा बघ."

एक.

"एक म्हणजे लांबचा नाही रे. हा तुझ्या घरातला आहे."

तात्या ताडकन उठला. वहिनी ओट्यापाशी भांडी पुसत होती.

"फोन दाखव."

"का?"

"आधी दाखव. तूच माझा खेळ मोडतेस. आत्ता पकडलंय तुला."

वहिनीने हातातलं ताट खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज चढला नाही. शिकाऊ माणसाने गाडी खांबाला घातली तरी तिचा आवाज चढत नाही. तिने फोन काढून बंद केला, तात्याच्या टेबलावर आपटला, खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली.

"हे माझे दोन हात. आता दाखव तुझा चोर."

पाचवा तिथेच होता.

आकडाही तोच, एक.

तात्याचा चेहरा पडला. खरं तर त्याच क्षणी त्याने माफी मागायला हवी होती. पण त्याला आता त्या पाचव्याचा छडा हवा होता.

त्याने राउटरचं वायफाय बंद केलं. पाचवा तिथेच.

मग बाहेरून येणारी नेटची वायर उपटली. तिघं मित्र एकामागून एक गळाले. हेडफोनमधला गोंगाट थांबला. खालचं ड्रिलही नेमकं तेव्हाच थांबलं.

पाचवा तिथेच.

शेवटी तात्याने आपल्या कॉम्प्युटरची केबलही काढली. आता त्या यंत्राचा जगाशी काडीचा संबंध नव्हता. मैदानात फक्त तात्या उरायला हवा होता.

मैदानात दोघं होते.

आणि वहिनी हळूच म्हणाली, "आकडा बदलला..."

शून्य.

भिंतीजवळचा तो पहिल्यांदा हलला. चालत चालत अगदी पुढ्यात आला आणि थांबला. तात्याने हेडफोन कधीच काढून टेबलावर टाकला होता. त्यातून बारीक आवाज यायला लागला. कोणीतरी बोलत होतं...

तात्याचा हात पुढे जाईना. वहिनीने हेडफोन उचलून कानाला लावला.

ती ऐकत होती. पडद्याकडे बघत ऐकत होती.

मग तिने मान वळवली आणि तात्याकडे बघितलं.

"काय म्हणतोय?"

"काही नाही. खरखर आहे." तिने हेडफोन ठेवला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "आपण पहिल्यांदा कुठे भेटलो होतो?"

तात्या हसला. त्याने बरोबर सांगितलं, दुकान, पाऊस, तिची मोडकी छत्री, सगळं. माफीही मागितली, अगदी हात जोडून. वहिनी नुसती मान हलवत राहिली.

त्या दिवसापासून गेम अडकलेला नाही. पाचवाही परत दिसला नाही. तात्याने हे सगळं मला स्वतः सांगितलं, हसत हसत. पण शेवटी त्याने माझा हात धरला.

"ती काहीतरी लपवतेय. माझ्या आधी झोपत नाही. उठून बघावं तर माझ्याकडेच बघत बसलेली. संशय मी घेतला, भोगतोयही मीच. तुझ्याशी ती मोकळेपणाने बोलते. तेवढं विचार ना, त्या हेडफोनमध्ये तिने काय ऐकलं?"

मला त्याची दया आली. दुसऱ्या दिवशी मी वहिनीला फोन केला. आधी तिने उडवाउडवी केली. मी आग्रह धरला.

"भाऊजी, हसणार नाही ना?"

"नाही वहिनी."

"आवाज त्याचाच होता. तात्याचा. खूप घाबरलेला."

"काय म्हणाला?"

तिने आवाज खाली आणला.

"तो विचारत होता... तुझ्या शेजारी कोण बसलंय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"भाऊजी, तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. कालच भेटलात ना? मग सांगा... हा तोच आहे ना?"

मी म्हणालो, "अहो वहिनी, तोच आहे. दुसरा कोण असणार?"

तेवढ्यात मागून तात्याने विचारलेलं मला ऐकू आलं, "कोणाचा फोन गं?"

"क्लासचा," वहिनी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

याला आता आठ महिने झाले. मी त्यांच्याकडे जातो, जेवतो. तात्या तसाच आहे. तेच म्हाताऱ्यासारखं बोलणं, तेच विनोद. दर भेटीत मी ठरवतो की हा आपलाच तात्या, उगाच काही मनात आणायचं नाही.

पण वहिनीने काय ऐकलं ते विचार म्हणून त्यानेच माझ्या मागे लकडा लावला होता. हात धरून विनवलं होतं.

त्यानंतर त्याने मला एकदाही विचारलेलं नाही, ती काय म्हणाली.