वाफेची गळती

पेट्रोल भरून पंपाबाहेर पडलं की आमच्या गाडीत पिवळा दिवा लागायचा. इंजिनाचं चित्र असलेला. माझ्या नवऱ्याला ते चित्र खुडूक बसलेल्या कोंबडीसारखं दिसतं. "बसली का कोंबडी?" एवढंच विचारून तो मोकळा व्हायचा. गाडी छान चालायची. धक्का नाही, आवाज नाही. चार दिवसांत दिवा आपोआप जायचा, पेट्रोल भरलं की परत यायचा.

पण मला लागलेला दिवा सोडून देता येत नाही. आमची लेक ठमी वेळेआधी जन्मली, कच्ची फुप्फुसं घेऊन. तिच्या काचेच्या पेटीवरचे दिवे बघत मी बाळंतपण काढलं आहे. दिवा लागतो तो कशासाठी तरीच, हे मला पक्कं माहीत आहे.

गाडीसोबत आलेली पुस्तिका मी वाचली. टाकी भरल्यावर झाकण घट्ट बसलं नाही तर पेट्रोलची वाफ गळते आणि हा दिवा लागतो, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. इतकं साधं. दिवा असला की ठमी मागच्या सीटवर गाढ झोपते, गालांवर रंग येतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण गाडीत कुठलंही बाळ झोपतंच की.

दुपारी तिला घेऊन गॅरेजमध्ये गेले. पत्र्याची लांबट शेड, ओल्या रबराचा वास, फाटक्या गादीचं एक स्टूल. मेकॅनिकने स्कॅनर जोडला, मान हलवली.

"वाफ गळतेय, ताई. हे बघा, झाकणाचं रबर तडकलंय. नवीन झाकण लावू. पण आणखी कुठे गळत नाही ना, एकदा बघून घेतो."

त्याची बघण्याची पद्धत अशी, की टाकीची सगळी तोंडं बंद करायची, एका नळीतून आत पांढरा धूर सोडायचा आणि टॉर्च घेऊन तो कुठून बाहेर येतो ते शोधायचं. "माणूस खोटं बोलेल, धूर नाही बोलत," तो हसून म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

मी ठमीला खांद्यावर घेऊन त्या धुराच्या यंत्रापाशी उभी राहिले. टाकीतला दाब दाखवणाऱ्या तबकडीवरचा काटा खाली आला. मग वर गेला. पुन्हा खाली.

"काटा हलतोय," मी म्हटलं.

"पडतोय ना? म्हणजे गळतंय."

"वरही जातोय."

तो बाहेर आला, वाकून बघत राहिला. "वर कसा जाईल? आत कोण फुंकतंय?" त्याने नळी काढली, पुसली, परत लावली. काटा पुन्हा हलू लागला.

ठमीची पाठ माझ्या तळहाताखाली होती. मी काट्याकडे पाहिलं, मग पाहायचं थांबवलं. आईला काय, जिथे तिथे श्वासच दिसतात. तेवढ्यात झोपेत तिने एक उसासा टाकला आणि जरा थांबली.

काटाही थांबला.

"धूर आत जातोय," मेकॅनिक पुन्हा गाडीखालून बोलला, "पण निघत नाही कुठूनच."

तो बाहेर आला. टॉर्चचा झोत आमच्यावर होता. ठमीने जांभई दिली. तिच्या इवल्याशा तोंडातून पांढरी, बारीक रेघ वर आली, उजेडात वळली आणि विरली.

त्याने टॉर्च बंद केला.  हाताला सवयीचं काम हवं म्हणून असेल, नळी काढून त्याने नवीन झाकण टाकीवर ठेवलं आणि फिरवलं. कट्.

माझ्या तळहाताखालची पाठ थांबली.

"उघडा."

"अं?"

"झाकण! उघडा ते!"

हुस्स करून हवा सुटली. ठमीने मोठा श्वास ओढला आणि टाहो फोडला.

त्याने जुनं, तडकलेलं झाकण शोधून परत बसवलं.  "दिवा राहू दे, ताई," तो म्हणाला. "आणि गाडी इकडे नका आणू परत."

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. "अगं वेडे, धुराने गुदमरली ती! गॅरेजमध्ये नेतात का पोरीला? जरा झोप काढ." मीही त्याच्या जागी हेच म्हटलं असतं. तरी त्याच्याकडून वचन घेतलं, की झाकणाला हात लावायचा नाही. त्याने हसत दिलं. एक गाडी किती वर्षं टिकते, हे मी कुणालाच विचारलं नाही. विचारून काय होणार होतं?

आज सकाळी तो एकटाच गाडी घेऊन कामावर गेला. ठमी आतल्या खोलीत पाळण्यात होती. मी बाहेर तिच्या झबल्यांच्या घड्या घालत बसले होते. फोन वाजला.

"रागावू नकोस हं," तो म्हणाला. "पंपाशेजारीच दुकान होतं, झाकण बदलून टाकलं. तुझी ती भीती तरी जाईल. आणि बघ, दिवा लागलाच नाही!"

"कधी बदललंस?"

"झाला असेल अर्धा तास. का गं?"

त्याच्यामागे इंजिनाचा आवाज ऐकू येत होता, शांत, एकसारखा. आमच्या घरात दुसरा कुठलाच आवाज नव्हता.