भ्रंशावरचा हात

डोंगर कुठल्या बाजूला सरकला हे ओळखायला आम्हा भूगर्भवाल्यांना यंत्र लागतंच असं नाही. भ्रंशाच्या भेगेत घासून गुळगुळीत झालेल्या खडकावरून तळहात फिरवायचा. एका दिशेला तो सुळकन जातो, उलट फिरवला की खरखरतो. सुळकन जातो तिकडे समोरचा भाग सरकलेला. हे मला नवऱ्यानेच शिकवलं, लग्नाआधी, माझा हात हातात धरून.

यंदा माझा गुडघा गेला आणि वाळवंटातल्या डोंगररांगेत भ्रंश मोजायला तो एकटाच जाऊ लागला. मी भाड्याच्या खोलीत नकाशे रंगवत बसायचे. संध्याकाळी यायचा तो तिचंच कौतुक करत.

"आज काय खुशीत होती माहितीये? ऊन उतरलं तरी गरम."

"भेग आहे ती," मी म्हणायचे. "माझी सवत असल्यासारखा बोलतोस."

तो हसायचा. दगडावर जळणारी बायको म्हणजे हसण्यासारखीच गोष्ट, हे मलाही कळत होतं. तरी जळत होते.

एकदा हट्टाने लंगडत गेले. कड्याच्या सावलीतही भेगेतला तो लाल खडक अंगासारखा कोमट होता. मी हात फिरवला. खाली खरखर, वर खरखर. आडवा फिरवला तर तळहात सोलवटला.

"तुला नको म्हणतेय," तो म्हणाला. थट्टेत नव्हे. त्याचा हात मात्र चारही दिशांना अलगद फिरत होता.

"उद्यापासून इथे यायचं नाही. ती तरी, नाहीतर मी तरी."

"बरं," तो म्हणाला, इतक्या सहज की माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो खरंच घरी राहिला. दुपारी जेवून पालथा पडला. पाठ धरलीय म्हणाला. मी जिंकले होते. खुशीत मलम घेऊन बसले.

मानेकडून कमरेकडे हात सुळकन गेला.

वर आणला, तर खरखरला.

खिडकी सताड उघडून पाहिलं. त्याच्या पाठीवर साधा ओरखडाही नव्हता. माझ्या तळहातावर बारीक लाल धूळ होती.

मी ती बोटांनी चोळून पाहिली.

"आलो गं," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला.

इतक्या लाडाने त्याने मला कधी ओ दिली नव्हती. आणि मी तर हाक मारलीच नव्हती.