एकच पाय टेकतो

मी पडणार, हे शोरूममधल्या सगळ्यांना माझ्याआधी कळलं होतं. डांबर-दगड दोन्हीवर चालणारी उंचच उंच ड्युअल-स्पोर्ट बाइक, तिच्यावर बुटकी मी. डाव्या पायाचा चवडा कसाबसा फरशीला लागलेला, उजवा पाय हवेत. बाइक हळूहळू कलायला लागली... आणि मागून कुणीतरी ती धरली.

"धरलंय, धरलंय. समोर बघ."

मी समोरच बघत राहिले. वळून पाहायची गरजच नव्हती. हा आवाज मी आमच्या गावी निर्मळला, केळीच्या बागेत, पप्पांच्या सायकलवर फ्रॉक सावरत ऐकला होता.

"कधी आलास?"

"परवा. पप्पांची स्कूटर सर्व्हिसिंगला आणली होती. बघतो तर प्रिन्सी टीचर हवेत लटकतायत."

एल्रॉय. आमच्या शेजारच्या वाडीतला. जहाजावर नोकरी लागली तेव्हा मला एका शब्दानेही न सांगता निघून गेलेला. मला कळलं ते त्याच्या आईकडून, नॅन्सी आंटीकडून, तो गेल्यावर. भेटला की चांगली खरडपट्टी काढायची असं ठरवलं होतं. पण आत्ता बाइक त्याच्याच हातात होती. अडला हरी...

"मॅडम, त्यापेक्षा ही घ्या ना," सेल्समन जितेशने एका ठेंगण्या, गुळगुळीत टायरच्या बाइकवर हात ठेवला. "दोन्ही पाय टेकतात. लेडीजना एकदम परफेक्ट."

"चंदनसारच्या पुढे पाड्यावर चढेल?"

पाड्यावर माझी शाळा आहे. डांबर संपलं की दगडांची चढण. माझी स्कूटर रोज खालीच राहायची, आणि मी वह्यांचं ओझं घेऊन फळ्यापर्यंत पोचेस्तोवर धापा टाकायचे.

"मग ही उंचवाली थोडी खाली करून देतो," जितेश म्हणाला.

"खाली केली तर पोट दगडाला घासेल," एल्रॉय म्हणाला. "भाऊ, ट्रायल दे ना. चढणीवरच बघू. मी बसतो मागे."

"तू कशाला?"

"तू पडलीस तर बाइक कोण उचलणार?"

"आणि मला?"

त्याचे कान लाल झाले. लहानपणीही असेच व्हायचे.

आचोळ्याच्या शोरूममधून बाहेर पडलो तेव्हा नोव्हेंबरचं ऊन छान तापलं होतं. मागे तो, दोन्ही हातांनी सीटमागचा दांडा घट्ट धरून, माझ्यापासून शक्य तितका लांब. मला उगाच ती जुनी सायकल आठवत राहिली. पप्पा तिच्यावरून फुलांच्या टोपल्या न्यायचे. दुपारी ती माझी. पाटाच्या कडेची ओली वाट, सोनचाफ्याचा वास, आणि कॅरिअर धरून मागे धावणारा एल्रॉय... "धरलंय, धरलंय." एकदा विहिरीपाशी मी मागे पाहिलं, तर तो पार लांब उभा. मी थेट अळूत.

डांबर संपलं. जाड गाठींचे बटण टायर दगड धरत चढायला लागले. आणि अर्ध्या चढणीवर माझ्या हातून इंजिन बंद पडलं. मी पाय सोडला, खाली जमीनच लागेना. डोळे मिटले. पण बाइक हलली नाही. पाहिलं तर माझ्या दोन्ही बाजूंना त्याचे लांब पाय रोवलेले.

"धरलंय."

"उतर," मी म्हटलं.

"प्रिन्सी, अगं—"

"उतर म्हणते ना. रोज काय तू येणारेस मागे?"

तो उतरला. वाटेची डावी कड उंच होती. लहानपणी त्या उंच सायकलवरून मी बांधावर पाय टेकून थांबायचे, तशीच डावीकडे सरकले. पाय कडेवर टेकला. एकच, पण पक्का. बटण दाबलं, क्लच हळू सोडला, आणि एका दमात शाळेच्या कुंपणापर्यंत गेले.

मागे पाहिलं. तो लांब, खाली उभा होता. तेव्हासारखाच. या वेळी मी पडले नाही, पण डोळे मात्र भरून आले.

तो धापा टाकत वर आला. "घे हीच. तुझीच आहे ही."

"सायकल शिकवताना सोडलंस ते ठीक. जहाजावर न सांगता गेलास, ते काय शिकवायला?"

तो कुंपणाची काठी नखाने खरवडत राहिला. "सांगायला तुमच्या फाटकापर्यंत आलो होतो. तू चाफा खुडत होतीस... सांगितलं असतं तर गेलोच नसतो."

"मी केळीत बसून रडले होते. पप्पांना दिसू नये म्हणून." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मला तू आवडायचास, एल्रॉय. अजून आवडतोस. घे, सांगितलं. एवढं काही अवघड नसतं."

"मला पण," तो म्हणाला. "तिकडे रोज... जानेवारीत परत जायचंय. या वेळी सांगतोय. थांबशील माझ्यासाठी?"

"रविवारी चर्चमधल्या मिसानंतर फादर गाडीला आशीर्वाद देतील. ये. तिथे सांगते."

त्या रविवारी फादरनी हेडलाइटवर पवित्र पाणी शिंपडलं. पप्पांनी हँडलला चाफ्याचा हार घातला. सगळं गाव चर्चच्या पायऱ्यांवर रेंगाळलं होतं. नव्या गाडीवर मागे कोण बसतं, ते पाहिल्याशिवाय आमच्याकडे कुणी घरी जात नाही. एल्रॉय इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात उभा होता. कान लाल.

मी पायरीच्या कडेला गाडी घेतली, एक पाय टेकला आणि मागच्या सीटवर थाप मारली.

"बस."

पायऱ्यांवरची कुजबुज थांबली. तो आला, बसला, आणि सवयीने मागचा दांडा धरला.

"धरलंय," तो हळूच म्हणाला.

"तो नको धरूस. मला धर."

"सगळे बघतायत, प्रिन्सी. मम्मी पण."

"म्हणूनच म्हणते."

त्याचे हात अलगद माझ्या कमरेभोवती आले. मी क्लच सोडला.