पॅनलवाल्यावर नजर

"आधी केस पुसा, मग भांडा," तो म्हणाला आणि काउंटरवरचा कागदी रुमालांचा डबा त्यानं माझ्याकडे सरकवला.

मी भांडायलाच आले होते. आमची वेबसाइट सकाळपासून बंद होती, मदतक्रमांकावर नुसतं संगीत वाजत होतं, म्हणून भर पावसात मी साइट जिच्या सर्व्हरवर चालते त्या होस्टिंग कंपनीच्या ऑफिसात येऊन थडकले होते. काउंटरवरची मुलगी जेवायला गेलेली. हा आपला चहाचा कप घेऊन मागच्या खोलीतून सहज बाहेर आला आणि माझ्या तावडीत सापडला.

"तुमचा सर्व्हर बंद पडलाय," मी म्हटलं.

"सर्व्हर ठणठणीत आहे." त्यानं साइटचं नाव विचारलं, पडद्याकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसला. "काल कोणीतरी कंट्रोल पॅनलमध्ये शिरून पीएचपीची, म्हणजे साइट ज्या भाषेवर चालते तिची, आवृत्ती बदललीय. तुमची साइट जुन्या आवृत्तीवर बांधलेली. नवीवर ती उभीच राहत नाही."

"कोणीतरी म्हणजे?"

"तुमच्याच लॉगिननं."

मी रुमालानं उगाच कपाळ टिपलं.

"प्रगत सेटिंग्जच्या वर लाल अक्षरांत लिहिलंय, माहीत असेल तरच हात लावा."

"असं लिहिलं की हात लावावासाच वाटतो."

"हो," तो माझ्याकडे बघत म्हणाला, "ते मात्र खरंय..."

साइट लगेच सुरू झाली. मी आभार मानले, पण मनात पाल चुकचुकली. माणूस जरा जास्तच गोड बोलत होता.

गोड बोलणाऱ्यांनी आमचं घर पोळलेलं होतं. दादाचा भागीदारही असाच. "तू गिऱ्हाईक सांभाळ, वेबसाइटचं मी बघतो," म्हणत त्यानं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ताच, स्वतःच्या नावावर करून घेतलं. मग एक दिवस दादाच्या दुकानाचं नाव टाकलं की त्या भागीदाराचंच नवं दुकान उघडायला लागलं. दादानं धंदा मिटवला, नोकरी धरली. तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते.

आणि आता सांभाळायला होता आत्याचा बाहुल्यांचा दवाखाना. हात निखळलेल्या बाहुल्या, उसवलेली अस्वलं, डोळे हरवलेले ससे... लोक आधी साइटवरून फोटो आणि निरोप पाठवतात, मग रुग्ण येतो खोक्यात. आत्याच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सुईदोरा बंद करायला सांगितला. शिवण्याचं काम एक मावशी करू लागल्या, बाकी सगळं माझ्याकडे आलं. निरोप वाचले की आत्याचे हात शिवशिवणार, म्हणून ते मी तिला दाखवतच नव्हते.

"कोणी लिहिलं का गं?" ती आतल्या खोलीतून विचारायची.

"विशेष कोणी नाही," मी सांगायची.

साइट नव्या आवृत्तीवर न्यायला हवी होती, म्हणून तो दुकानात येऊ लागला. मुख्य पासवर्ड मी त्याला दिला नाही. पॅनलमध्ये मर्यादित अधिकारांचं वेगळं खातं उघडून दिलं, आणि त्यानं काय काय केलं ते लॉगमध्ये, म्हणजे पॅनलच्या नोंदवहीत, तपासू लागले. त्याला ते कळलं होतं. राग नाही आला. उलट लॉग वाचायचा कसा, हेही त्यानंच मला शिकवलं. याचाही मला संशय आला!

"हे काम तुमच्या ऑफिसात बसून होत नाही?" मी एकदा विचारलंच.

"होतं की."

"मग?"

"ऑफिसात एका डोळ्याचा ससा नाही," तो म्हणाला. पण बघत होता माझ्याकडे.

एका दुपारी तो मला बॅकअप शिकवत होता. मी एक बटण दाबायला गेले, तोच त्याचा हात माऊसवर आला... म्हणजे माझ्या हातावर.

"थांबा— ते दाबलंत तर आजचं सगळं पुसलं जाईल आणि मागचा आठवडा परत येईल."

"मागचा आठवडा काही वाईट नव्हता," मी बोलून गेले.

हात उचलायला त्यानं अंमळ उशीरच केला. मीही माझा काढून घेतला नाही. बाहेर पागोळ्या टपटपत होत्या.

तो गेल्यावर आत्या दारात येऊन उभी राहिली. "फौजदारीणबाई, त्या पॅनलवाल्यावर नजर ठेवताय, की नुसतंच बघताय?"

"आत्या!"

मग एक बाई आपला ससा न्यायला आल्या. "तुम्ही लिहिलंत तसं त्याला उन्हात ठेवलं नाही हं मी," त्या म्हणाल्या. "फार धीर आला तुमच्या उत्तरानं."

मी त्यांना तसं काही लिहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोनवर एका आजोबांनीही मी न लिहिलेल्या उत्तराबद्दल माझे आभार मानले. आमच्या दवाखान्याच्या नावानं दुसरंच कोणीतरी उत्तरं देत होतं.

पॅनलचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. ई-मेलच्या विभागात, जिथे मी कधी फिरकले नव्हते, तिथे एक फॉरवर्ड लावलेला सापडला. दुकानाच्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत एका अनोळखी पत्त्यावर जात होती. लॉगमध्ये नोंद त्याच्याच खात्याची, त्या बॅकअपच्या दुपारची. त्या दिवशी मी लॉग बघायला विसरले होते. का विसरले, ते मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर जास्त संताप झाला.

मी तडक त्याचं ऑफिस गाठलं. तो जिन्यातच भेटला.

"आमच्या मेलवर फॉरवर्ड तुम्ही लावलात?"

"हो."

तो कानांवर हात ठेवेल असं वाटलं होतं.

"कोणासाठी?"

"ते... मला सांगता येणार नाही. शब्द दिलाय."

"वा! आणि रोज संध्याकाळी कोणीतरी आमच्या साइटवर येऊन फक्त 'आमच्याविषयी' हे पान उघडतं. आकडेवारीत दिसतं मला. तेही तुम्हीच?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "...ते मीच."

"काय शोधता तिथे? त्या पानावर तर नुसता माझा फो—"

वाक्य मीच अर्धवट तोडलं. मग मला दादाचा उतरलेला चेहरा आठवला, आणि मी मन घट्ट केलं.

"दादाचा भागीदारसुद्धा असाच लाजून दाखवायचा," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पार पडला. "माझं खातं बंद करा," तो हळूच म्हणाला. "फक्त तो फॉरवर्ड काढायच्या आधी एक दिवस थांबा."

एक दिवस कशाला? चोरी पुरती करायला? त्याचं खातं मी तिथल्या तिथे फोनवरून बंद केलं. फॉरवर्ड मात्र ठेवला, कारण चोर मला रंगेहाथ पकडायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी साइटवर जाऊन खोट्या नावानं निरोप टाकला. "माझ्या लाकडी उंटाची मान मोडली आहे. लहानपणापासून माझ्या उशाशी असतो. वाचेल का तो?" आणि मांजर उंदराच्या बिळाशी बसावं तशी पडद्यासमोर बसले.

आतल्या खोलीत टिंग झालं.

मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं उत्तर आलं. "बाळ, घाबरू नकोस. मान मोडून कोणी उंट मेलेला मी पाहिला नाही. दोन्ही तुकडे मऊ कापडात गुंडाळ. स्वतः गोंद लावायला जाऊ नकोस, घाईत लावलेला गोंद मोडण्यापेक्षा वाईट. आणि त्याला एकटं वाटू देऊ नकोस, आज रात्रीही उशाशीच ठेव."

गोंदाचं ते वाक्य लहानपणापासून मी इतकं ऐकलं होतं की लिहिणारीचा आवाजच कानात उमटला. मी उठले आणि आतल्या खोलीचा पडदा सारला. आत्या पलंगावर बसून डाव्या हाताच्या एका बोटानं फोनवर टाइप करत होती.

"बरं झालं आलीस. एका उंटवालीला विचारायचंय की मान कुठून—" गुपित निसटलं हे कळून ती थांबली. माझं तोंड पाहिलं. "अगं बाई... उंटवाली तूच की काय?"

"मला सांगायचं ना, आत्या."

"तुला विचारत होते की रोज! 'विशेष कोणी नाही.' अगं, डॉक्टरांनी माझा हात थांबवलाय, जीभ नाही. माणसं जिवाभावाचं लिहितात आणि तू त्यांना तारीख नि आकार विचारतेस." तिचा आवाज ओला झाला. "मला वाटलं, आता कोणाला माझी गरजच उरली नाही."

मी तिच्याजवळ बसले. बरा होत आलेला तिचा हात हातात घेतला.

"आणि तो?" मी विचारलं.

"त्याला मीच गळ घातली. तो म्हणाला, आधी भाचीला सांगा. मी म्हटलं, खातं कोणाच्या नावावर आहे? मालकीण मी आहे. माझी मी सांगेन सवडीनं, तोवर तू तोंड उघडलंस तर बघ!" मग तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "काय बोललीस गं त्याला?"

मी सांगितलं.

"मग अजून इथे काय बसलीयस?"

तो ऑफिसच्या दारात छत्रीशी झटापट करत होता. पाऊस भुरभुरत होता. मला पाहून त्यानं छत्री उघडायची सोडून दिली.

"आत्यांनी सांगितलं?"

"सांगितलं नाही. पकडल्या गेल्या."

त्याला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. "भागीदाराचं बोललात ते लागलं मला."

"लागावं म्हणूनच बोलले होते. चुकलं माझं."

"राग गेलेला नाही अजून."

"कधी जाईल?"

त्यानं रस्त्याकडे पाहिलं, विचार केल्यासारखं केलं. "चालत गेलं तर... त्या पुलापर्यंत जाईल."

आम्ही चालू लागलो. छत्री एकच, ती बिघडलेली, त्यामुळे दोघंही भिजत होतो. पूल आला. तो कठड्याला टेकला.

"फोटो बघायला येत होतो," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "दुकानात समोर बसलात की बघायचं धाडस होत नव्हतं. तुम्ही लगेच विचारलं असतंत, काय बघताय."

"विचारलंच असतं."

"मग मी सांगितलं असतं, की मला तुम्ही... फार आवडता."

इतके दिवस मी त्याची प्रत्येक हालचाल तपासली होती, आणि एवढी एक गोष्ट मला दिसली नव्हती. दिसली होती खरं तर... विश्वास ठेवायची भीती वाटली होती. ते मी त्याला सांगितलं. त्याचा ओला हात कठड्यावरून सरकत माझ्या हाताशी येऊन थांबला.

"उद्या दुकानात येऊ?" त्यानं विचारलं.

"काम काय आहे?"

"काहीच नाही."

"या" म्हणायचं होतं मला. तोंडातून निघालं, "ये."

त्यानं चमकून पाहिलं. मीही चमकले, पण शब्द मागे घेतला नाही.

"येतो," तो म्हणाला. "पण तू चहा कर."