सेराफीनबाईंची कात्री

चौऱ्याऐंशी साली मी अंधेरीत मराठी टायपिंगची कामं घ्यायची. सोसायट्यांच्या नोटिसा, वकिलांचे अर्ज, झालंच तर एखादी एकांकिका. आमचे हे इराकात बसऱ्याजवळ एका कंपनीत फिटर होते आणि तिकडे लढाई पेटलेली. घरी मी आणि सासूबाई. त्या उठता-बसता मुलाचं नाव घेत. मी रीतीप्रमाणे घेत नसे, पण जीव माझाही तिकडेच लागलेला. रिकामं बसलं की डोक्यात नको ते येई, म्हणून मरोळच्या सेराफीनबाई मिस्किटांची कादंबरी टाइप करायला घेतली.

गावठाणात क्रूसासमोर बाईंचं कौलारू घर होतं. ओट्यावर बोंबील वाळत घातलेले, आत येशूच्या तसबिरीखाली लाल दिवा. दुपारी बाई वाचून दाखवायच्या आणि मी मशीन बडवायची. कादंबरीची गोष्ट अशी: दुसऱ्या महायुद्धात क्लारा नावाची मुलगी फोर्टातल्या सरकारी ऑफिसात सैनिकांची पत्रं तपासते. पलटण कुठे आहे हे पत्रात आलं, की कात्रीने तेवढाच शब्द कापायचा, शत्रूला कळू नये म्हणून. जोकिम नावाच्या शिपायाची पत्रं वाचता वाचता ती त्याच्या प्रेमात पडते आणि रोज देवाजवळ त्यालाच मागते. खरं सांगायचं तर मला क्लाराचा रागच यायचा. एवढी प्रार्थना करतेस, त्यापेक्षा त्याला एक पत्र टाक की!

जोकिम कुठल्या गावी आहे, तिथे बाईंनी दर वेळी टिंबं दिली होती.

"बाई, गावाचं नाव घाला ना. लोकांनी काय टिंबं वाचायची?"

"बायबलवर हात ठेवून शपथ घेतलीय गं. गाव सांगायचं नाय."

"चाळीस वर्षं झाली! इंग्रज पण गेले."

बाई हसल्या नाहीत.

शेवटच्या प्रकरणात मी टिंबं टाइप केलीच नाहीत. दर आठवड्याला पाकिटावर लिहीत होते, तेच गाव बोटांतून उतरलं.

बाईंनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "बसरा? तिथे कोण आहे तुझं?"

"आमचे हे."

त्यांनी ड्रॉवरमधून कात्री काढली आणि तो शब्द कापून टाकला. कात्रीचं टोक मोडलेलं होतं, त्यामुळे चौकोनाचा एक कोपरा फाटका राहिला. "आणि कार्बन कॉपी?"

"सकाळीच छापखान्यात दिली."

बाईंनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली.

म्हातारीचं खूळ म्हणत, तिथलाही शब्द कापायला मी रिक्षाने छापखाना गाठला. भाऊराव फोरमननी कागद शोधून दिला. बसऱ्याच्या जागी चौकोनी भोक होतं, एक कोपरा फाटका.

"आमच्याकडे आला तेव्हा असाच होता," ते म्हणाले.

मग ह्यांचं पत्र आलं. पाकीट शाबूत, डिंक सुटलेला नाही. आत वरच्या बाजूला गावाच्या नावाची जागा कापलेली. लढाई आहे, तिकडचे सेन्सॉरवाले असणार, असं मी सासूबाईंना सांगितलं. फाटक्या कोपऱ्याबद्दल बोलले नाही.

पुढच्या पत्रातून तारीखही गेली.

मी बाईंकडे धावले. "जोकिमच्या पत्रातून पुढे काय जायचं?"

"आधी गाव. मग तारीख. मी नव्हतं कापलं गं. माझ्या टेबलावर यायच्या आधीच कापलेलं असायचं."

"आणि मग?"

"मग सही."

"जोकिमचं पुढे काय झालं, बाई?"

"जोकिम हे नाव मी ठेवलंय. खरं नाव चाळीस वर्षं आठवून बघतेय, येतच नाय. त्यासाठीच तर लिहायला बसले."

संक्रांतीच्या आधी तिसरं पत्र आलं. "मी बरा आहे, लवकर येतो." खाली सही नव्हती, चौकोन होता. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते. पत्र घडी घालून देवामागे ठेवलं आणि हे सुखरूप येऊ देत म्हणून हात जोडले.

त्या आठवड्यात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. नेसून, हसून सगळं केलं. घर बायकांनी भरलेलं. शेजारच्या वसुधाने हात धरला, "रत्नप्रभा, नाव घे गं! अशी नाय सोडणार आज."

उखाणा मी जुळवून ठेवला होता.

"समुद्रापार गेली नोकरी, पत्राची लागली आस..."

पुढे नाव घ्यायचं होतं.

आठवेना. नाव नव्हतंच.

"लाजतेय बघा!" बायका खिदळल्या.

मी सासूबाईंकडे वळले. पोटच्या पोराचं नाव त्या तरी कसं विसरतील? "आई, तुम्ही सांगा ना नाव."

त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मायेने हसल्या.

"कुणाचं गं?" त्यांनी विचारलं.